दिवाळी सेल: ऑनलाइन की नवी पेठेतलं दुकान?

दिवाळीत राउटर, हार्ड डिस्क ऑनलाइन स्वस्त मिळतात हे खरं. पण '७० टक्के सूट' मोजतात ती छापील एमआरपीवर, आणि त्या भावाला एरवीही कोणी विकत नाही. आधीपासून भाव बघून ठेवा, मग खरी सूट कळते. गावातल्या नवी पेठेच्या दुकानांत कार्डाची ऑफर सहसा नाही. घासाघीस मात्र चालते, जीएसटीचं पक्कं बिल मागता येतं.

हार्ड डिस्क, एसएसडी (फायली साठवायची जास्त वेगवान डिस्क) मी दुकानातूनच घेईन. ऑनलाइन हजार-बाराशेला '१६ टीबी एसएसडी' दिसली तर हातही लावू नका. आत बहुतेकदा साधं मेमरी कार्ड असतं, खोटी क्षमता दाखवणारं. खरी जागा भरली की पुढच्या फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. (१ टीबीला विंडोज ९३१ जीबी दाखवतं, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी.)

राउटरला ऑनलाइन बरं, वाय-फाय ६ चे (वाय-फायच्या नव्या पिढीचे) पर्याय भरपूर. फक्त जुन्या दगडी वाड्यात वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल जाड भिंतींपुढे हात टेकतो. तिथे महागड्या राउटरपेक्षा माडीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा साधा राउटर लावा, आणि केबल ओढायला माणूस गावातलाच लागतो.