फॅमिलीसर्चवर चुकलेली आडनावं शोधताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत भारतातून गेलेली माणसं शोधायची असतील, तर फॅमिलीसर्च ही वंशावळीच्या जुन्या नोंदींची वेबसाइट उत्तम आहे, शिवाय फुकट. फक्त आडनावाच्या रकान्यावर भिस्त ठेवू नका.

१९३० ची कॅलिफोर्नियातली इम्पीरियल काउंटी घ्या. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांचं ‘सिंग’ गणकानं कानावर पडेल तसं लिहिलं. शेवटचा एच गेला, आयच्या जागी ई आला, तरी फारसं बिघडत नाही. साउंडेक्समध्ये, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना एकच कोड देणाऱ्या पद्धतीत, पहिलं अक्षर कायम राहतं, स्वर आणि एच गळतात, एनला ५ आणि जीला २ मिळतात, उरलेली जागा शून्यानं भरते. म्हणून ही सगळी रूपं एस५२० मध्येच येतात. खरा घोळ पहिल्या अक्षराचा. वळणदार लिपीतला मोठा एस सूची करणाऱ्याला एल वाटला की ‘लिंग’ होतं, कोड एल५२० होतो आणि माणूस हातचा जातो.

अशा वेळी आडनावात ?-आय-एन-जी-* (म्हणजे ?ing*) टाका. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारका म्हणजे कितीही किंवा काहीच नाही. अँसेस्ट्री या वंशावळीच्या दुसऱ्या वेबसाइटवर मात्र हे चालत नाही. तिथं निदान तीन खरी अक्षरं लागतात, आणि पहिलं किंवा शेवटचं अक्षर तरी चिन्हाविना हवं.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आडनाव कोरंच सोडणं. जन्मस्थान भारत, राहण्याचं ठिकाण काउंटीपर्यंत, जन्मवर्षाला पाच वर्षं मागेपुढे सूट. वय बहुतेकदा अंदाजे सांगितलेलं असतं, शेजाऱ्यानं सांगितलं असेल तर विचारूच नका. ‘अचूक’ची खूण फक्त ठिकाणाला लावा. या भागातल्या अनेकांच्या बायका मेक्सिकन होत्या, तेव्हा बायकोचं किंवा मुलांचं स्पॅनिश नाव टाकूनही घर सापडतं. सिंगच पहिल्या नावात गेलंय का, तेही पाहाच.

निकालावर न थांबता मूळ पानाची प्रतिमा उघडा. वंशाच्या रकान्यात ‘हिन’ दिसलं की तो ‘हिंदू’ हा शेरा. शीख आणि मुसलमानही त्यातच मोडले. पानाच्या एका बाजूला ५० ओळी असतात. मागची-पुढची चार-पाच पानं ओळीनं वाचा, कारण ही मंडळी जवळजवळ राहत.

नाव सापडलं आणि दुरुस्तीची सोय दिसली, तर योग्य नाव लगेच भरा. आपल्याकडच्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते १९४८ च्या कायद्यातल्या कलम १५ मुळे बघायला मिळत नाहीत, त्यामुळे परदेशी गेलेल्यांचा हाच माग हाती उरतो.