कानशीची सुरी, ग्रिसवोल्डचा तवा आणि एक फसलेला लिलाव: अकरा महिन्यांनंतर

आधी हिशेब सांगून टाकतो. अकरा महिने, जुन्या घरसामानाचे नऊ लिलाव, तिथून आणलेल्या सव्वीस वस्तू. रोजच्या वापरात त्यातल्या चार. उरलेल्या तळघरात फळीवर आहेत. बायको त्या फळीला ‘संग्रहालय’ म्हणते, आणि कौतुकानं म्हणत नाही.

आम्ही अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहतो. इकडे कुणी म्हातारं माणूस गेलं आणि मुलं दूरच्या राज्यांत असली, की घर रिकामं करायला लिलाववाला बोलावतात. सोफ्यापासून लिंबू पिळायच्या यंत्रापर्यंत सगळ्यावर नंबर चिकटतात. उत्तर पेनसिल्वेनिया आणि त्याला लागून असलेला न्यूयॉर्कचा भाग म्हणजे चाकू-सुऱ्यांचा जुना मुलूख. ‘केस’ या चाकू कंपनीचा कारखाना ब्रॅडफर्डला, ‘का-बार’ या दुसरीचा ओलियनला. त्यामुळे इथल्या ड्रॉवरांत पोलाद बरं निघतं.

माझी सगळ्यात लाडकी सुरी एका खोक्यात मिळाली. २२ डॉलरला अख्खं खोकं: अंडं फेटायचं यंत्र, तीन झारे, गंजलेला ओपनर आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही. पातं आठ इंची, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पितळी खिळे. पाठीवरून अंगठा फिरवला तर खरखर लागली. उजेडात तिरकी धरली तेव्हा कळलं, ते कानशीचे पुसट दाते होते. कुणीतरी झिजलेल्या कानशीची घरीच सुरी केली होती. नाव नाही, शिक्का नाही. पाठ मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेली, म्हणजे करणाऱ्याचा हात बसलेला होता.

पण पहिल्याच दिवशी कांदा चिरला आणि काप माळेसारखे एकमेकांना चिकटून राहिले. कारण धार मधोमध पोटात गेली होती. सुरीचा मधला भागच वर्षानुवर्षं पाजवला, की तिथलं पोलाद झिजतं आणि मुठीकडचा कोपरा पुढे राहतो. मग धार फळीला पूर्ण टेकतच नाही. तीन संध्याकाळी २२० नंबरच्या दगडावर तो कोपरा घासून खाली आणला, मग १०००, मग ४००० (नंबर मोठा तसा दगड बारीक). घासताना पातं तापू नये म्हणून सतत पाणी. आता टोमॅटो सुरीच्या नुसत्या वजनानं कापला जातो.

हे साधं पोलाद, स्टेनलेस नव्हे. कांद्यानं तपकिरी होतं, लिंबानं करडं, आणि दोनेक महिन्यांत निळसर झाक धरतं. ती झाक आली की गंज कमी धरतो. सिंकमध्ये दहा मिनिटं विसरलात तर मात्र केशरी ठिपके हजर. एकदा मित्रानं जेवणानंतर मदत म्हणून ती डिशवॉशरमध्ये टाकली. मूठ पांढुरकी पडली, एका खिळ्यापाशी चीर गेली. जवसाचं तेल चार वेळा चोळून रंग परत आला, चीर आहेच.

जूनमध्ये आई आली. “मेलेल्या माणसाच्या घरातलं कशाला रे आणतोस?” हे झालंच. मग दुसऱ्या दिवशी मेथी निवडून झाल्यावर फळीवर हीच सुरी होती. आईला मी सुरी पुसून ठेवण्याबद्दल काहीच बोललो नव्हतो. चिरून झाल्याबरोबर तिनं धुऊन, पदराला पुसून, ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात आडवी ठेवली. विळीवर चाळीस वर्षं काढलेल्या बाईला लोखंड कसं जपायचं ते शिकवायला मी निघालो होतो.

ग्रिसवोल्ड या जुन्या कंपनीचा बिडाचा तवा २८ डॉलरला. मागे ‘एरी, पी. ए.’, म्हणजे पेनसिल्वेनियातलं एरी गाव, असा ठसा. तो कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. आजच्या बहुतेक स्वस्त बिडाच्या तव्यांना वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा असतो, याचा पृष्ठभाग तासून गुळगुळीत केलेला. थालीपीठ खरवडावं लागत नाही. एक काळजी मात्र घ्या: जुन्या बिडाच्या भांड्यांत काही लोक मासेमारीची वजनं ओतायला शिसं वितळवत. शिशाची तपासणी करणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या आधी वापरा.

‘केस’ कंपनीच्या खिशातल्या चाकूचं साल ओळखणं हा निव्वळ खेळ आहे. १९७० पासून कंपनीनं शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला. माझ्या चाकूवर सात, म्हणजे १९७३. १९८० पासून पुन्हा दहापासून सुरुवात, पण CASE या नावातला ‘एस’ विजेसारखा वळवलेला. तेवढं बघून घ्यावं.

आता फसवणूक. एका ऑनलाइन लिलावात ‘हातानं घडवलेली डमास्कस’, म्हणजे पोलादाचे थर जोडून लाटांची नक्षी आणलेली, म्हणून शिकारीची सुरी ८५ डॉलरला घेतली. वर लिलाववाले खरेदीदाराकडून घेतात ते १८ टक्के कमिशन, त्यावर ७ टक्के विक्रीकर, मिळून १०७ डॉलर. पात्यावर लाटा सुंदर होत्या. एक ओरखडा काढायला बारीक पॉलिश पेपर फिरवला, तर लाटाही गेल्या. खरे थर असते तर फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या रसायनात बुडवल्यावर परत दिसले असते. बुडवलं, काही नाही. वर छापलेली नक्षी होती. लिलाववाल्यांनी नियमांतलं वाक्य पाठवलं: आहे तसं, आहे तिथं. चूक माझीही, वस्तू हातात न घेता बोली लावली. तेव्हापासून आदल्या दिवशी बघायला जाता येत नसेल तर बोली लावत नाही. खिशात भिंग असतं, आणि आधीच ठरवलेला आकडा कमिशन आणि करासकट कागदावर लिहिलेला.

नामांकित कारागिरांची सुरी माझ्या खिशाबाहेरची. पात्यावर ‘एम. एस.’ दिसलं, तर ती करणारा अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेचा मास्टर स्मिथ असू शकतो. १९७६ साली निघालेल्या या संस्थेच्या परीक्षेत त्याच एका पात्यानं लोंबता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळी तोडायची, त्यानंतरही हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी शिकंज्यात पातं ९० अंशांत वाकवायचं. तुटलं तर नापास.

माझी कानशीची सुरी त्यात पहिल्या मिनिटाला मोडेल. पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पोलाद झटकन थंड करताना, तिचं टोक केसभर डावीकडे वळलंय, फळीवर ठेवली की दिसतं. सरळ करायचा मोह दोनदा झाला. कानशीचं पोलाद इतकं कडक, की ठोकलं तर वाकणार नाही, तुकडाच पडेल. तशीच वापरतोय.