वाळवंटी घळींचा बूट कोकणच्या कातळावर: सात महिन्यांनंतर

सोल पुढून सुटला. उजव्या पायाचा, अंगठ्याच्या बाजूने, चांगला चार सेंटिमीटर. साडेसहा हजारांच्या बुटाने पाचव्या महिन्यात आ वासावा हे पटत नाही, म्हणून हा अनुभव. वजन, रंग, साइझचा तक्ता सगळं जिथे तिथे मिळतं. इथे फक्त राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, आणि महाडच्या बाजूच्या नाळा यांत बूट कसा टिकला तेवढंच. वापर नोव्हेंबर ते मे, आठवड्यातून एकदा तरी.

हा आखूड कॉलरचा, जाळीदार, मऊ रबराचा बूट मुळात अमेरिकेतल्या युटाकडच्या घळींसाठी काढलेला आहे. तिथे मार्चमध्ये लोक बर्फ वितळून आलेल्या गार पाण्यातून चालतात आणि बाहेर पडून कोरड्या वाळूखडकावर चढतात. म्हणून अपरला, म्हणजे पाय झाकणाऱ्या वरच्या भागाला, जाळी, कडेला पाणी निघायला भोकं आणि खडकाला चिकटणारं रबर. दुपार तिथे त्या दिवसांत सुखाची असते, पहाटे पाणी गोठतं. आपल्या फाल्गुन-चैत्रात सकाळचे मतलई वारे लांबले आणि खारे वारे उशिरा आले की दहालाच कातळावर तळवा टेकवता येत नाही. सड्यावर झाड नाही, सावली नाही, पावसाळ्यातली डबकी माघातच आटलेली. खाली काळपट जांभा, वरून ऊन, आणि मधे हा सोल.

कारण इथेच आहे. सोल आणि अपर यांच्यामध्ये नुसतं सोल्युशन आहे, पुढे एकही टाका नाही. हा गोंद तापला की नरम पडतो, आणि चढताना बूट नेमका बोटांपाशी वाकतो. गरम गोंद आणि रोजची वाक, दोन्ही एकाच जागी. त्यात घरी आल्यावर धुऊन पत्र्यावर उन्हात वाळत घातला की उरलेलं कामही होतं. बंद गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवला तरी तेच. चुलीजवळ तर मुळीच ठेवू नये. सावलीत, वाऱ्यावर, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवला तर दीड दिवस लागतो, पण गोंद टिकतो.

सर्व्हिसवाल्यांनी फोटो मागवले, मग दुसऱ्या कोनातून पुन्हा मागवले आणि शेवटी ‘वापरामुळे झालेली झीज’ असं कळवलं. सोल झिजला असता तर तक्रारच नव्हती. सुटला आहे, झिजलेला नाही, हा फरक तीन वेळा लिहून कळवला, उपयोग झाला नाही. बूट तपासायला पाठवायचा तर कुरिअर दोन्ही बाजूंनी आपल्या खर्चाने. त्या पैशांत तालुक्याच्या गावी मोचीकडे दोन्ही पायांना पुढून शिलाई होते आणि वर चहाचे पैसे उरतात.

घरी चिकटवायचा असेल तर क्रम चुकवू नका, घाईत चिकटवलेला सोल आठवड्यात परत सुटतो. सुटलेला भाग बोथट सुरीने आणखी थोडा उघडा, घट्ट लागेल तिथे थांबा. आतला जुना गोंद 80 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी खरवडा, लाल धूळ कोरड्या ब्रशने पूर्ण काढा. ही धूळ राहिली तर गोंद जांभ्याच्या भुकटीला चिकटतो, रबराला नाही. मग रबराचं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला ओढ लागते पण चिकटत नाही इतकं. दुसरा पातळ हात द्या, पुन्हा तितकंच थांबा, मग दाबा. सायकलची जुनी ट्यूब ताणून पुढच्या भागावर गुंडाळून चोवीस तास ठेवा. ट्यूबचा ताण सगळीकडून सारखा बसतो, दगड ठेवून तसं होत नाही. त्यानंतर शिलाई. जाड नायलॉनचा दोरा, बोटांपुढच्या रबरी टोपीतून अपरपर्यंत, एका करंगळीच्या बाजूपासून अंगठ्याला वळसा घालून. टाक्यांवर सोल्युशनचा एक हात, नाहीतर टाक्यांच्या भोकांतून पाणी आत जातं.

इथपर्यंतचा अनुभव मार्चपर्यंतचा आहे आणि तेव्हा मत एकच होतं, घेऊ नका. मेअखेरीस ते तसं राहिलेलं नाही.

शिलाईनंतर हाच जोड बोराट्याच्या नाळेत उतरवला. मोहरी गावाकडून लिंगाण्याच्या पायथ्याला उतरणारी ही नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडांनी भरलेली घळ. मोठे धोंडे, मधे सुटा घसारा, आणि प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात. इथे मऊ रबर काय करतं ते कळलं. कोरड्या काळ्या बेसॉल्टवर टोकावर उभं राहिलं तरी पाय सरकत नाही. टणक सोलचे बूट इथे कडेवरून निसटतात. घसाऱ्यात मात्र कॉलर आखूड असल्यामुळे दर दहा मिनिटांनी खडे काढावे लागतात. उतरणीला नाडी घोट्याकडे घट्ट आणि बोटांकडे सैल ठेवा, नखं वाचतात. वाटाड्या आणि दोर घेतल्याशिवाय या नाळेत जाऊ नये, चैत्रात पाणी वाटेत मिळणार नाही असंच धरून माणशी चार लिटर वरूनच घ्या.

हेच रबर सड्यावर मात्र भराभर झिजतं. जांभ्याचा पृष्ठभाग म्हणजे किसणी आहे, लोहाने कडक झालेल्या धारा आणि मधे भोकं. बोटांच्या उंचवट्याखालचे सोलचे खुंट नव्यात चार मिलिमीटर होते, आता दोनही नाहीत. टाचेखाली अजून बरे आहेत. बारसू, कशेळीकडे कातळशिल्पं पाहायला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, कोरलेल्या रेषांवर बूट ठेवू नका. कशेळीच्या कातळात कोरलेल्या हत्तीएवढी मोठी आकृती पायाखाली असते आणि तिरक्या उन्हाशिवाय रेषा दिसत नाहीत. सकाळी सातच्या आत पोचा, कडेकडेने चाला.

ओल्या जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, आणि वहाळातल्या शेवाळावर या बुटाचा भरवसा धरू नका. पाणी असेल पण शेवाळ नसेल तर ठीक धरतो, हिरवं दिसलं की नाही.

जाळीची दुसरी अडचण म्हणजे कुसळं. सड्याच्या कडेचं गवत वाळलं की कुसळ जाळीतून सरळ आत शिरतं, मोज्यातून टोचत राहतं. बाहेरून ओढू नका. कुसळाच्या टोकाचे बारीक केस मागे वळलेले असतात, ओढलं तर तुटून टोक आतच राहतं. बूट काढून आतल्या बाजूने चिमट्याने टोक पकडा आणि पुढे, टोकाच्या दिशेनेच ओढून काढा. जुन्या पँटचा पाय कापून खाली इलॅस्टिक शिवलं की पोटरीपासून नाडीपर्यंत झाकलं जातं, खडे आणि कुसळं दोन्ही थांबतात. बाजारातल्या गेटरची गरज पडली नाही.

तर आताचं मत असं. कोरड्या नाळांसाठी घ्या, पण पहिल्या चालीच्या आधी पुढून शिलाई मारून घ्या. रोज सड्यावर चालणार असाल तर टणक सोलचा स्वस्त जोड जास्त दिवस जाईल.

पावसाळ्यात हा बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ती पिशवी आत दमट राहते. ज्या बुटांचा मिडसोल, म्हणजे सोलच्या वरचा मऊ थर, पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) असतो, तो या दमटपणाने आतून फुटतो आणि न वापरता ठेवलेला जोडही एक दिवस पायात घालताच भुगा होतो. या बुटाचा मिडसोल ईव्हीए फोमचा आहे, तो असा फुटत नाही, पण गोंद दमटपणाने जातोच. आतली गादी काढून वेगळी ठेवा, बूट उघड्या फळीवर, आत वर्तमानपत्र, दर आठ-दहा दिवसांनी बदलायचं.