वसई किल्ल्यातील इतिहासफेरी: शिलाहारांपासून इंग्रजांपर्यंत

गेल्या रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात एका स्थानिक गटाने आयोजित केलेल्या तीन तासांच्या इतिहासफेरीला मी गेलो होतो. माणशी 500 रुपये शुल्क आणि पंधराच माणसांची मर्यादा असल्याने प्रत्येकाला प्रश्न विचारता आले. उत्तर कोकणाचा मध्ययुगापासूनचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर ही फेरी अवश्य करावी, असे माझे मत आहे. एक उणीव मात्र मला मनापासून खटकली.

सुरुवातीलाच मार्गदर्शकांनी पोर्तुगीजांना बाजूला ठेवून ठाण्याच्या शिलाहारांपासून आरंभ केला, हे मला फार आवडले. दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला शाप देणाऱ्या गधेगळांची, म्हणजे कोरीव शिळांची, छायाचित्रे दाखवत त्यांनी शिलाहारांमागून यादव आणि पुढे गुजरातची सल्तनत कशी आली, ते सांगितले. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या बहादूरशाहाने 1534 साली वसई आणि तिच्या ताब्यातील मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, आणि तीच मुंबई पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या 1661 च्या विवाहकरारात इंग्रजांच्या पदरात पडली, हा दुवा वसईच्या तटाजवळ उभे राहून ऐकताना वेगळाच उलगडतो.

सर्वाधिक वेळ फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषांत गेला, आणि तो सार्थकी लागला. तिथे जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरून मार्गदर्शकांनी हलक्या हाताने माती झटकली आणि झिजलेली पोर्तुगीज अक्षरे एकेक करून वाचून दाखवली. छप्पर नसलेल्या त्या वास्तूत आम्ही सगळे गुडघे टेकून बसलो होतो. मराठ्यांनी घातलेल्या 1739 च्या वेढ्याचे वर्णनही नेमके होते. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंगांनी पडलेले खिंडार, शरण आलेल्या पोर्तुगीजांना चिमाजीअप्पांनी सन्मानाने बाहेर पडू देणे, आणि इथल्या चर्चमधली घंटा आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात असणे, हे सारे त्यांनी आवाज न चढवता सांगितले.

उणीव शेवटी जाणवली. यशवंतराव होळकरांकडून हडपसरच्या लढाईत पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी याच वसईत इंग्रजांशी तह केला, त्यांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. पुढे 1818 पर्यंत जे घडले त्याचे मूळ या तहात आहे, तरीही तो परतीच्या वाटेवर चालता चालता दोन वाक्यांत आटोपला गेला. विजयाच्या कथेला तासभर आणि स्वातंत्र्य गहाण पडल्याच्या कथेला दोन मिनिटे, ही वाटणी मला मान्य नाही. आयोजकांना मी तसे लिहून कळवले असून भुई दरवाजापाशी निदान पंधरा मिनिटे थांबून हा तह समजावून सांगण्याची विनंती केली आहे.

जाणाऱ्यांनी हिवाळ्यातली फेरी निवडावी, कारण पावसाळ्यानंतर माजलेल्या गवतात थडग्यांवरचे लेख दिसत नाहीत.