वेंगुर्ल्याहून आणलेली जुनी ओम्नी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरची सहा माणसे आणि आमच्या भजनी मंडळाची पेटी-पखवाज एकाच वाहनातून जावीत, या हिशोबाने मी गेल्या मे महिन्यात 2012 सालची आठ आसनी मारुती ओम्नी वेंगुर्ल्याच्या एका गृहस्थांकडून घेतली. तेव्हापासून खानापूर-बेळगाव ये-जा तिच्यातूनच होते. ओम्नीचे उत्पादन 2019 मध्येच थांबल्याने आता मिळेल ती गाडी कोणीतरी वापरलेलीच असणार. अशी गाडी पाहताना आपण इंजिनाचा आवाज ऐकत बसतो आणि पत्रा व कागद शेवटी पाहतो. अनुभवानंतर माझे मत असे की हा क्रम उलटा हवा.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. पुढच्या सीटखालचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे हे इंजिन आमच्याकडच्या कोणत्याही मेस्त्रीला पाठ आहे. मी पोहोचलो तेव्हा गाडी आधीच चालू करून तापवून ठेवलेली होती, हे माझ्या लक्षात आले नाही. पुढे डिसेंबरच्या थंडीत पहाटे एक सिलिंडर मिस होऊन सगळी गाडी थरथरू लागली, पण प्लग आणि वायर बदलण्यावर भागले. म्हणून गाडी थंड असतानाच चालू करून पाहावी, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय धरावा. वंटमुरी घाटासारख्या चढावर तापमानाचा काटा कुठे जातो हेही पाहावे.

पत्र्याचे दुखणे मात्र असे प्लग बदलून जात नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षे काढलेल्या या गाडीच्या तळाला नुकताच काळा रंग मारलेला होता, आणि तो मालकाच्या काळजीचा पुरावा आहे असे मी भोळेपणाने समजलो. आषाढात जांबोटीच्या पावसात पायाशी पाणी आले, तेव्हा रबरी मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आरपार गेला. सरकत्या दाराचा खालचा रूळ, सीटबेल्टचे बोल्ट आणि विशेषतः मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला जोडलेले असतात ती जागा, हे सारे गाडीखाली शिरून, ठोकून पाहिल्याशिवाय पैशांचे बोलूच नये. खिशात एक लोहचुंबक असावा. पुट्टीचा, म्हणजे पत्र्यातली भोके-खड्डे बुजवणाऱ्या लेपाचा, जाड थर असलेल्या ठिकाणी तो नीट धरत नाही. मला दोनदा वेल्डिंग करून घ्यावे लागले.

कागदांचा प्रश्न सीमाभागात अधिक किचकट आहे, कारण स्वस्त गाडी पुष्कळदा एमएच पाटीची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, आणि हस्तांतरणाचे फॉर्म 29 व 30 लागतात, शिवाय कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. माझी एनओसी अडली ती आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) बोज्यामुळे, म्हणजे कर्जाच्या नोंदीमुळे. पहिल्या मालकाने पतसंस्थेचे कर्ज केव्हाच फेडले होते, परंतु फॉर्म 35 देऊन बोजा उतरवलेला नव्हता, आणि मी पूर्ण रक्कम देऊन बसल्यामुळे विक्रेत्यालाही घाई राहिली नव्हती. त्या एका कागदासाठी आंबोली घाटातून तीन फेऱ्या झाल्या. आज घ्यायची असती, तर केए-22, म्हणजे बेळगावच्याच, पाटीच्या गाडीसाठी मी दहा-पंधरा हजार रुपये आनंदाने जास्त मोजले असते. नोंदणीची 15 वर्षेही मोजून घ्यावीत. माझ्या गाडीची मुदत 2027 मध्ये संपेल आणि त्यानंतर तपासणीत उतरली, तरच 5 वर्षांचे नूतनीकरण मिळेल.

बाकी गाडी कामाची आहे. अरुंद गल्लीत सहज वळते आणि सरकत्या दारातून पेटी आडवी आत जाते. त्या दाराचे रबर तेवढे बदलायचे राहिले आहे, म्हणून पावसात पखवाजावर मेणकापड टाकतो.