शाब्दिक उदाहरणांचा वर्ग, प्रतापनगर (नागपूर): पालकाचा अभिप्राय

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून फक्त शाब्दिक उदाहरणांची तयारी करून घेणारा एक छोटा वर्ग प्रतापनगर भागात चालतो. माझी मुलगी दिवाळीनंतर तेथे जाऊ लागली. समोर मांडून दिलेले समीकरण ती बिनचूक सोडवत असे; मात्र तेच चार ओळींच्या मजकुरातून शोधायचे असले की तिची गाडी अडत असे.

या वर्गात चूक दिसताच बरोबर रीत फळ्यावर लिहून दिली जात नाही. विद्यार्थ्याने उदाहरण मोठ्याने वाचायचे, काय काढायचे आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे, कोणती रीत वापरणार ते सांगायचे, आकडेमोड करून दाखवायची आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचे. ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या चूक-विश्लेषणाचे हे पाच टप्पे होत. चूक यांपैकी कोणत्या टप्प्यावर होते याची नोंद प्रत्येकाच्या वहीत ठेवली जाते, आणि या वर्गाचे खरे मोल मला त्या नोंदीतच वाटते.

उदाहरणार्थ, वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट आहे व १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, या उदाहरणात अनेक मुले १२ फक्त वडिलांच्या वयात मिळवतात आणि मुलाचे वय उणे १२ आले तरी त्याखाली रेघ मारून मोकळी होतात. येथे दोघांच्याही वयात १२ मिळवायला लावून १२ आणि ३६ या उत्तरांचा ताळा मुलांकडूनच करून घेतला. संत्र्याच्या पेट्या मोसंबीच्या चौपट असतील, तर चार कोणत्या बाजूला लिहायचे, यावरही बराच वेळ दिला गेला. येथे हुशार मुलेही चार संत्र्याच्याच चलाला जोडतात. ‘अमुक टाइप आला की अमुक रीत’ ही गाइडांची सवय मोडणे शिक्षकांना सर्वांत जड जाते आणि पालकांनाही ते चटकन पटत नाही.

उणिवाही आहेत. बीजगणिताची ४० गुणांची प्रश्नपत्रिका दोन तासांत सोडवायची असते, परंतु पाच टप्प्यांची ही संथ पद्धत घड्याळ लावून वापरण्याचा सराव पुरेसा झाला नाही. भूमितीच्या पेपरातील उन्नत कोनाची उदाहरणे जेमतेम उरकली गेली. सरावपत्रिका फक्त इंग्रजीत असल्याने सेमी-इंग्रजीच्या मुलांचे निभावते, पण पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण होते. जानेवारीत बॅच वाढली, तेव्हा मोठ्याने वाचून घेण्याची पाळी क्वचितच येऊ लागली.

ज्यांची आकडेमोडच कच्ची आहे, त्यांनी आधी नियमित शिकवणी लावावी. इतरांनी चौकशीला जाताना घटक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका सोबत न्यावी. शिक्षक ती पाहून, प्रवेशाची गरज नसेल तर तसे स्पष्ट सांगतात.