मॅग्नेशियम ग्लायसिनेट : पावसाळ्यापासून घेतेय, माझा अनुभव

अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांनी, त्यातही वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, हे नक्की वाचा.

रात्री पोटरीत असा गोळा यायचा की उठून पाय फरशीवर दाबून उभं राहिल्याशिवाय सुटायचा नाही. डाव्या डोळ्याची पापणी सारखी लवायची, बोटांना मुंग्या, जेवणावरची वासना उडालेली. रक्तात पोटॅशियम कमी निघालं आणि औषध घेऊनही ते वर येईना. तेव्हा फिजिशियननी सीरम मॅग्नेशियम, म्हणजे रक्तातल्या मॅग्नेशियमची तपासणी करायला सांगितलं. आलं १.३, नॉर्मल साधारण १.७ ते २.२.

मॅग्नेशियम कमी पडलं की लघवीवाटे पोटॅशियम जात राहतं, कॅल्शियमही घसरू शकतं. मूळ कमतरता भरून निघेपर्यंत पोटॅशियम-कॅल्शियमची औषधं पुरी पडत नाहीत. फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, फिटही येऊ शकते. पॅन्टोप्राझोलच्या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने हे होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २०११ मध्येच दिलाय. मला वाटतं, अशी गोळी वर्षभर चालू असेल तर ही तपासणी आपणहून विचारावी.

आधी मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं होतं, त्याने जुलाब झाले. ग्लायसिनेट पोटाला मानवलं. घेताना डबीवर 'एलिमेंटल' किती ते बघा: १००० मिलिग्रॅम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम १४० च्या आसपास असतं. गोळी चांगलीच मोठी आहे, मी अर्धी करून घेते. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर लागतं, म्हणून माझी वेळ रात्रीच्या जेवणानंतरची.

पापणी आणि मुंग्या आधी थांबल्या. गोळे हळूहळू कमी झाले, आता क्वचित. पोटॅशियम नॉर्मलला आलं, आणि याचाच मला सगळ्यात आनंद आहे. झोपेत मात्र काही फरक जाणवला नाही. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल बंद करून फॅमोटिडीन हे अ‍ॅसिडिटीचंच वेगळ्या जातीचं औषध दिलंय, तेव्हा सगळं श्रेय या डबीला देणार नाही. बाजरीची भाकरी, तीळकूट, राजगिराही वाढवलाय.

शेजारच्या काकूंनी माझं बघून आणली, त्यांना काडीचाही फरक पडला नाही. त्यांना कमतरता असल्याचं कुठे निघालंच नव्हतं. उतारवयात पायात विनाकारण येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असंच अभ्यासांत दिसलंय. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकणं किडनीचंच काम आहे.